एका कार्बनचं अन्न

शंकेखोर : आधी मला खटकतं ते सांगतो. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मेथॅनॉल होतं. आपल्या यकृतात त्याचं फॉर्माल्डिहाइड होतं, पुढं फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते आम्ल आधी डोळ्यांच्या नसा निकामी करतं, मग माणूसच नेतं. आता तुम्ही म्हणता, काही यीस्टांना हेच मेथॅनॉल पाजलं तर ती त्यावर पोसतात, आणि त्यांच्या अंगातली मेदाम्लंही बदलतात. यीस्टमध्येही पहिली पायरी फॉर्माल्डिहाइडचीच ना? मग जी पायरी माणसाला मारते ती यीस्टला वाढवते कशी? ‘निसर्गाची किमया’ असलं उत्तर मात्र देऊ नका.

उत्साही : किमया कसली, चोख बंदोबस्त आहे. क्योटो विद्यापीठात कोइची ओगाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवून दिलं की दुसरा कुठलाही कार्बन न देता नुसत्या मेथॅनॉलवर वाढणारं यीस्ट असतं. त्याला आज कँडिडा बॉइडिनी म्हणतात. पिकिया पास्टोरिस आणि हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा ही त्याची भावंडं. वर्गीकरणवाल्यांनी पिकियाचं कोमागाटेला केलं आणि हॅन्सेन्युलाला ओगातांच्याच नावानं ओगाताइया म्हटलं, पण फर्मेंटरपाशी उभी असलेली माणसं जुनीच नावं घेतात. या यीस्टांत पेरॉक्सिझोम नावाची पटलानं बंद केलेली कोठी असते. ग्लुकोजवर ती नावापुरती. मेथॅनॉल मिळालं की अशा कोठ्या वाढतात, फुगतात, हॅन्सेन्युलात तर पेशीचा ८० टक्क्यांपर्यंत भाग व्यापतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या गोल न दिसता काटकोनी ठोकळ्यांसारख्या दिसतात, कारण आत अल्कोहोल ऑक्सिडेज हे एन्झाइम इतकं दाटलेलं असतं की त्याचे स्फटिक होतात.

सगळा धोका त्या कोठीत कोंडलेला असतो. ऑक्सिडेज मेथॅनॉलचं फॉर्माल्डिहाइड करतं, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, ते कॅटॅलेज जागच्या जागी फोडतं. फॉर्माल्डिहाइड तिथंच पाच कार्बनच्या झायल्युलोजच्या फॉस्फेटला जोडलं जातं आणि पाचात एक मिळवून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे पडतात. पेशीचं बाकीचं सगळं त्या तुकड्यांतून. जे फॉर्माल्डिहाइड निसटतं ते ग्लुटाथायोन पकडतं, त्याचं फॉर्मेट होतं आणि फॉर्मेटचा कार्बन डायऑक्साइड. माणसात हा शेवटचा टप्पा फोलेटच्या आधारानं रखडत चालतो, म्हणून फॉर्मेट साचतं आणि घात होतो. यीस्टकडे त्यासाठी वेगळं एन्झाइम आहे. आणि ही व्यवस्था कारखान्यासाठी झालेली नाही. झाडाच्या पेशीभित्तीतलं पेक्टिन मोडताना मेथॅनॉल सुटतं. क्योटोच्याच मंडळींनी ॲराबिडॉप्सिसच्या पानांवर हे यीस्ट सोडून पाहिलं. पानावरचं मेथॅनॉल अंधारात वाढतं, उजेडात उतरतं, आणि यीस्ट त्या चढउताराप्रमाणे कोठ्या बांधतं आणि मोडतं.

शंकेखोर : बंदोबस्त मान्य. पण बंदोबस्ताला खर्च येतो, आणि तुमची मंडळी नेमका तो सांगायचा विसरतात. अल्कोहोल ऑक्सिडेजची ऑक्सिजनवरची पकड ढिली आहे. एन्झाइम कामात मंद, म्हणून पेशी ते ढिगानं बनवते. विरघळणाऱ्या एकूण प्रथिनांपैकी ३० टक्क्यांपर्यंत हे एकच एन्झाइम! दुसरं म्हणजे, मेथॅनॉल पुरतं जाळलं तर त्यातून सहा इलेक्ट्रॉन मिळायला हवेत. पहिल्याच पायरीला दोन थेट ऑक्सिजनला दिले जातात आणि त्यातून एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या नाण्याचा, कणही बनत नाही, नुसती उष्णता. म्हणजे जेवायला बसण्याआधीच एक तृतीयांश ताट गेलं. त्याचा परिणाम वाढीवर दिसतो. पिकिया ग्लिसरॉलवर साधारण तीन तासांत दुप्पट होतं, मेथॅनॉलवर त्याला जवळजवळ पाच तास लागतात. त्यात मेथॅनॉल जरा जास्त पडलं तर फॉर्माल्डिहाइड साचून वाढच थांबते. अन्न म्हणता म्हणता हातात काय आलं? कमी पडलं तर उपासमार, जास्त पडलं तर विषबाधा, आणि मधली पट्टी अरुंद.

उत्साही : पट्टी अरुंद आहे, पण तिच्यावर चालायला लोक शिकलेत. फर्मेंटर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. आधी ग्लिसरॉलवर पेशी दाट करून घ्यायच्या, ते संपलं की मेथॅनॉल थेंबाथेंबानं सुरू करायचं. पहिले काही तास पेशी कोठ्या बांधण्यात गुंतलेल्या असतात, तेव्हा हात आखडता ठेवायचा. मग मधूनच पंप बंद करून पडद्यावर विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा बघायचा. मेथॅनॉल संपतच आलेलं असेल तर पेशींचा श्वास लगेच मंदावतो आणि आकडा उसळी मारतो. उसळी आली नाही, तर टाकीत मेथॅनॉल तुंबलंय, पंप बंदच ठेवा. या साध्या युक्तीवर लसी बनल्यात. शांता बायोटेकची १९९७ची हिपॅटायटिस बीची लस पिकियातली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हिपॅटायटिस बीची लस हॅन्सेन्युलातली, बायोकॉनचं इन्सुलिन पुन्हा पिकियातलं. तुम्ही ज्याला मंद, खर्चिक एन्झाइम म्हणता, त्याच्याच जनुकाचा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा भाग, इतका जोरकस आहे की त्याच्यापुढं हवं त्या प्रथिनाचं जनुक जोडलं की पेशी तेही ढिगानं बनवते. पेशीची उधळपट्टीच आपल्या कामी आली.

शंकेखोर : आली, पण वेगळ्याच कामी. इतिहास तुम्हीही जाणता. फिलिप्स पेट्रोलियमनं सत्तरच्या दशकात पिकिया हातात घेतलं ते लसीसाठी नव्हे, जनावरांच्या खाद्यासाठी. स्वस्त वायूपासून मेथॅनॉल, मेथॅनॉलपासून यीस्ट, यीस्टमधून प्रथिनं. १९७३ला खनिज तेलाचे भाव भडकले, सोयाबीन तुलनेनं स्वस्त पडलं, आणि ते गणित बसलं नाही. इंग्लंडात आयसीआयनं बिलिंगहॅमला जीवाणूंवर हाच डाव मांडला, प्रचंड कारखाना उभारला, तोही चालला नाही. पिकिया तगलं ते महाग प्रथिनं बनवू लागलं म्हणून. लसीतल्या मायक्रोग्रॅमला जो भाव मिळतो तो खाद्याच्या टनाला मिळत नाही. आणि तेलाला तर नाहीच.

मेदाम्लांचा हिशेब मांडू. पामिटिक आम्लात १६ कार्बन. ते जोडायला दोन-दोन कार्बन आणणारे ८ ॲसिटिल-कोए लागतात, हायड्रोजन पुरवणारे १४ एनएडीपीएच, ७ एटीपी. प्रत्येक ॲसिटिल-कोए पायरुव्हेटपासून येतो असं धरा. त्यात तीनपैकी एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. म्हणजे ८ पायरुव्हेट, म्हणजे २४ मेथॅनॉल. वजनात सांगायचं तर ७६८ ग्रॅम मेथॅनॉल घाला, २५६ ग्रॅम पामिटिक घ्या. तीनास एक, तेही नुसत्या कार्बनचं. एनएडीपीएचसाठी आणखी साखर जाळावी लागेल, कारण मेथॅनॉल जाळून जे मिळतं ते एनएडीएच, मेदाम्लाच्या उपयोगाचं नाणं नव्हे. शिवाय पेशीला स्वतःही वाढायचंय.

उत्साही : चोवीस हा आकडा दगडावरची रेघ नाही. फॉस्फोकेटोलेजच्या आडवाटेनं कार्बन न गमावता ॲसिटिल-कोए बनवता येतो, त्या दिशेनं यीस्टात फेरफार चाललेत. पण मला तुम्हाला दुसरीकडे न्यायचंय. मेदाम्लं ‘किती’ हा व्यापाऱ्याचा प्रश्न. मला ‘कोणती’ जास्त महत्त्वाचं वाटतं. पेशीचं पटल मेदाम्लांचं असतं. संतृप्त साखळ्या सरळ असतात, त्या दाटीनं बसतात, पटल घट्ट होतं. ओलेइक, लिनोलेइकसारख्या असंतृप्त साखळ्यांना बाक असतो, त्या पटल सैल ठेवतात. थंडी वाजली की यीस्ट असंतृप्त साखळ्या वाढवतं. दारूच्या भट्टीतलं यीस्ट इथॅनॉल चढू लागलं की ओलेइक वाढवतं, आणि ज्यांच्यात ते जास्त ती वाणं दारू जास्त सोसतात, हे अनेकांनी पाहिलंय. मग मेथॅनॉलवर वाढलेल्या पिकियात मेदाम्लांचं प्रमाण वेगळं आलं तर मी त्यात तोच शहाणपणा वाचतो. पेशी विषाशी जुळवून घेतेय, आणि वाढीचा वेग हा त्या जुळवणुकीचा आरसा.

शंकेखोर : इथंच मी तुम्हाला थांबवतो, कारण हे वाक्य फार गोड आहे. इथॅनॉलवरून मेथॅनॉलवर उडी मारू नका. पटलात शिरायचं तर तेलात विरघळावं लागतं. अल्कोहोलांमध्ये साखळी जितकी लांब तितकी ती पटलात जास्त घुसतात. ब्यूटॅनॉल फार, इथॅनॉल कमी, आणि मेथॅनॉल सगळ्यांत कमी. मेथॅनॉलचं खरं विष पटलात नसतंच, ते आत, फॉर्माल्डिहाइडच्या रूपात असतं, आणि ते प्रथिनांना आणि डीएनएला चिकटतं. मग पटलानं जुळवून घ्यायचं कशाशी?

आता मेदाम्लांचं ते वेगळं प्रमाण येतं कसं ते बघू. अडीचशे मिलिलिटरचा फ्लास्क, त्यात अर्धा टक्का मेथॅनॉल, वर कापसाचा बोळा, शेकर चालू, दर चोवीस तासांनी पुन्हा अर्धा टक्का. त्यातलं काही पेशींनी खाल्लं, काही बोळ्यातून उडून गेलं. दिवसभरात पेशींनी पूर आणि दुष्काळ दोन्ही पाहिले. शेजारच्या फ्लास्कात ग्लुकोज, तिथल्या पेशी भराभर वाढून केव्हाच थांबल्यात. तुम्ही दोन्ही एकाच वेळी काढता आणि म्हणता, फरक मेथॅनॉलचा. फरक वाढीच्या वेगाचा असू शकतो. हळू वाढणाऱ्या पेशीची आणि थांबलेल्या पेशीची मेदाम्लं तशीही वेगळी असतात. फरक ऑक्सिजनचा असू शकतो, आणि हा मुद्दा मला सगळ्यांत बोचतो. साखळीत दुहेरी बंध घालणाऱ्या डिसॅच्युरेजला ऑक्सिजन लागतो. मेथॅनॉल खाणारी पेशी ऑक्सिजन अधाशासारखा ओढते. फ्लास्कात तो कमी पडला तर असंतृप्त साखळ्या घटतील, मुबलक असला तर घटणार नाहीत. मग एका प्रयोगशाळेत त्या वाढल्या आणि दुसरीत कमी झाल्या, तर तो यीस्टचा स्वभाव की शेकरचा?

उत्साही : शेकरचा दोष मी अंगावर घेत नाही, कारण त्याला उपाय आहे. सतत वाहत्या फर्मेंटरात, म्हणजे केमोस्टॅटमध्ये, वाढीचा वेग तुम्ही ठरवता, पेशी नाही. एकात ग्लुकोज, एकात मेथॅनॉल, दोन्हीकडे वेग सारखा, तापमान सारखं, ऑक्सिजन मोजून दिलेला. तरीही मेदाम्लं वेगळी आली तर मानाल?

शंकेखोर : फरक मानीन. कारण मानणार नाही. तुम्हीच सांगितलंत, मेथॅनॉलवर पेशी कोठ्यांनी भरते. प्रत्येक कोठीला पटल, प्रत्येक पटलात मेदाम्लं. म्हणजे पेशीच्या बाहेरचं पटल तसंच राहिलं आणि आत नवी पटलं भरली, तरी एकूण आकडा हलणार. वर चरबीचे साठवलेले थेंब असतात, त्यांची मेदाम्लं आणखी वेगळी. तुम्ही सगळी पेशी फोडता, सगळा मेद एकत्र काढता आणि एक टक्केवारी देता. मिसळीची अख्खी प्लेट मिक्सरमधून काढायची आणि मग म्हणायचं, आज मटकी तिखट होती. तिखट रश्शाचं होतं की फरसाणाचं, ते आता कसं कळणार?

(इथं लेखकाची थोडी लुडबुड. गॅस क्रोमॅटोग्राफला मेदाम्ल सहसा तसंच देत नाहीत. आम्ल घातलेल्या मेथॅनॉलमध्ये तापवून आधी त्याचं मेथिल एस्टर करून घेतात. म्हणजे यीस्टनं मेथॅनॉल खाऊन केलेलं मेदाम्ल मोजायलाही पुन्हा मेथॅनॉलच लागतं. दोघांपैकी कुणालाही यात गंमत वाटलेली नाही, मला वाटली.)

उत्साही : मिसळ पटली. कोठ्या आणि बाहेरचं पटल वेगळं काढून मोजावं लागेल, आणि ते करता येतं, वेळखाऊ आहे इतकंच. पण अन्न आणि विष वेगळं करण्याची एक सोपी वाट आहे. पावाचं यीस्ट मेथॅनॉलवर पोसत नाही. त्याला साखर द्या आणि वरून मेथॅनॉल घाला. जे बदलेल ते विषापायी, कारण अन्नाचा प्रश्नच मिटला.

शंकेखोर : पावाच्या यीस्टकडे दुहेरी बंध घालणारं एकच हत्यार आहे. ते पामिटोलेइक आणि ओलेइकपर्यंत जातं, पुढं नाही. पिकिया त्यापुढं लिनोलेइक आणि लिनोलेनिकही बनवतं. ज्याच्याकडे हत्यारंच कमी, त्याच्या लढाईवरून दुसऱ्याची लढाई कशी सांगणार?

उत्साही : मग पिकियाचंच घ्या. अल्कोहोल ऑक्सिडेजची दोन्ही जनुकं काढून टाकलेलं वाण मिळतं. ते मेथॅनॉल खाऊ शकत नाही, पण बाकी सगळी हत्यारं शाबूत. त्याला सॉर्बिटॉल द्या, सोबत मेथॅनॉल द्या. ना पेरॉक्साइडचा भडिमार, ना त्या वाटेनं फॉर्माल्डिहाइड. उरलं नुसतं मेथॅनॉल आणि पटल. आता तरी सुटका?

शंकेखोर : चांगला प्रयोग आहे. मलाही तोच सुचला असता तर आवडलं असतं. पण त्यातही एक गाठ राहतेच. हे वाण मेथॅनॉल खात नसलं तरी मेथॅनॉल ओळखतं. तो प्रवर्तक जागा होतो, मेथॅनॉलच्या वाटेवरची इतर एन्झाइमं बनू लागतात. म्हणजे मेथॅनॉल इथं नुसतं अन्न आणि विष नाही, सांगावाही आहे. जेवण येतंय, कोठ्या तयार ठेवा, असा सांगावा. त्या सांगाव्यानं मेदाम्लं हलली की पटलात घुसलेल्या मेथॅनॉलनं, हे तुमच्या सुंदर वाणातूनही कळणार नाही. अन्न काढलंत, विष बरंचसं काढलंत, सांगावा काढता आला नाही.

उत्साही : हे तीन पदर मी आधी एवढे सुटे करून पाहिले नव्हते, कबूल. पण मग माझंही एक ऐका. पदर सुटे करता करता तुम्ही वाढ एका खोलीत आणि मेदाम्लं दुसऱ्या खोलीत ठेवताय. पेशी तसं ठेवत नाही. चीनमधल्या डालियनच्या झोउ योंगजिन यांच्या गटानं हॅन्सेन्युलात मुक्त मेदाम्लं जास्तीत जास्त निघावीत असे फेरफार केले. मेथॅनॉलवर ते यीस्ट मरू लागलं. मेदाम्लं विषारी म्हणून मेलं असावं, असा पहिला तर्क कुणीही केला असता. त्यांनी मेद तपासला तर दिसलं की पेशीत फॉस्फोलिपिड घटलंय. मेद बाहेर वाहून जातोय आणि स्वतःची पटलं बांधायला पुरत नाही. मग त्यांनी तेच यीस्ट मेथॅनॉलवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेलं आणि जी तगली ती निवडली. २०२२ साली त्यांनी लिटरमागे १५.९ ग्रॅम मेदाम्लं नुसत्या मेथॅनॉलवर मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी पिकियात २३.४ ग्रॅम. मला त्या ग्रॅमांपेक्षा ते मरण जास्त बोलकं वाटतं. मेथॅनॉलवर जगायला पटलं जास्त लागतात, कारण कोठ्या लागतात. म्हणून तिथं मेदाची टंचाई आधी जिवावर बेतते. वाढ आणि मेद यांचा संबंध याहून उघड कुठं दिसणार?

शंकेखोर : संबंध दिसला. ‘पटलं जास्त लागतात म्हणून’ हे तुम्ही जोडलंत. मला ते पटण्यासारखं वाटतं, म्हणूनच सांभाळून घ्या. आणि बघा, यात तुमची मूळ कल्पना उलटीच झाली. सुरुवातीला तुम्ही म्हणत होता, मेथॅनॉल चढलं की पेशी मेदाम्लांची जात बदलते आणि तगते. डालियनच्या यीस्टमध्ये प्रश्न फॉस्फोलिपिड पुरतं की नाही याचा होता. विकायचा मेद आणि घरचा मेद यांत ओढाताण होती. साखळ्यांचा बाक हा त्यापुढचा, वेगळा प्रश्न. तो अजून तसाच पडलाय.

उत्साही : पडलाय, आणि तरीही मी या वाटेवर पैसे लावीन. आइसलँडमध्ये जॉर्ज ओला यांच्या नावाचा कारखाना २०१२मध्ये भूगर्भातल्या वाफेच्या वीजकेंद्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि विजेवर काढलेला हायड्रोजन जोडून मेथॅनॉल बनवू लागला. तसं मेथॅनॉल यीस्टला मिळालं तर पामच्या झाडाशिवाय आणि जंगलतोडीशिवाय पामिटिक आम्ल. तीनास एक का असेना. आणि प्रयोगाचं म्हणाल तर मी चार अटी मान्य करतो. वाढीचा वेग बांधलेला, ऑक्सिजन मोजलेला, तापमान एकच, आणि कोठ्या बाहेरच्या पटलापासून वेगळ्या काढलेल्या. सांगाव्याची गाठ यातूनही सुटत नाही. पण या चार अटी पाळल्याशिवाय कुणी ‘मेथॅनॉलनं असंतृप्त मेदाम्लं वाढली’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्यानं तिथं खुशाल प्रश्नचिन्ह काढावं. मी लिहिलेलं असलं तरी.

शंकेखोर : पामऐवजी यीस्ट म्हणणाऱ्याला पाचवी अट मी घालतो. मेथॅनॉल कशाचं, तेही लिहा. आइसलँडचा तो कारखाना वर्षाला काही हजार टनांसाठीच बांधलेला. जगातलं बहुतेक मेथॅनॉल आजही नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतं, आणि भारताला लागणारं बहुतांश मेथॅनॉल जहाजानं बाहेरून येतं.